प्रेस नंबर चार, अकरा वीस

असले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर चिडून वाचत आलोय. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या बंद खोलीत खुर्ची सरकते... आणि खाली प्रतिक्रियांमध्ये लोक लिंबू उतरवायला सांगतात. मी मेंटेनन्सचा माणूस. सव्वीस वर्षं चाकणच्या कंपन्यांमध्ये बंद पडलेली मशीन सुरू करतोय. मशीन थांबलं तर त्याला कारण असतं. कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नव्हती, आजही फारशी नाही.

आधीच सांगून टाकतो, माझ्या गोष्टीत मेलेलं कोणी नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस जिवंत आहे आणि रोज सकाळी सातला माझ्यासमोर असतो. अमावस्या नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते गुरुवारी – आमच्या पट्ट्यातली सुट्टी गुरुवारची – भर उन्हात, निगडीतल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत घडलं. तिसरा मजला, समोर पाण्याची टाकी, खाली इस्त्रीवाला.

आणि यात कुणाची कीव करायची असेल तर माझी करू नका.

तर... मला विमानांचे मेसेज पकडायचा नाद आहे. पुनावळ्याचा निखिल म्हणून एक आयटीतला मुलगा, पस्तिशीचा, त्याने चार वर्षांपूर्वी लावला. अंगठ्याएवढा एक रिसीव्हर लॅपटॉपला खोचायचा, बाल्कनीच्या कठड्याला अँटेना बांधायची (मी ब्रेझिंगच्या दोन सळ्यांची घरीच केली), आणि फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर. विमानातले पायलट बोलतात ते वेगळं. विमानातला कॉम्प्युटरही आपणहून जमिनीवर छोटे छोटे मेसेज पाठवत असतो, आपल्या एसेमेससारखे. कानाने ऐकलं तर नुसती करकर. सॉफ्टवेअर त्या करकरीची अक्षरं करून देतं. कुठून निघालो, किती वाजता पोचणार, खालचं हवामान काय...

मला सगळ्यात आवडायचे ते बिघाडाचे मेसेज. तीस-पस्तीस हजार फुटांवर एखादा सेन्सर गडबडला की विमान स्वतःच खाली कळवतं. कोणता भाग, काय झालं, किती वाजता. कुणाला विचारत नाही, कुणाची परवानगी मागत नाही. त्यातलं पान कुणाला फाडता येत नाही.

"लोकांचे नवरे सुट्टीच्या दिवशी भाजी आणतात," सुनंदा म्हणायची, "आमचे हे दुसऱ्यांची पत्रं वाचत बसतात."

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गुरुवार होता. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन मी बसलो होतो, स्क्रीनवर ओळी वर सरकत होत्या. मुंबईहून बेंगळुरूला जाणारं एक, पुण्याला उतरणारं एक. तेवढ्यात एक ओळ आली. विमानाचा नंबर असतो त्या जागी नुसती टिंबं. सिग्नल इतका जोरदार की तसा मी कधी पाहिला नव्हता, जणू कठड्यावरच विमान बसलंय. चुका शून्य. हे महत्त्वाचं आहे, कारण मेसेजच्या शेवटी एक तपासणीचा आकडा असतो आणि तो जुळला नाही तर माझं सॉफ्टवेअर ती ओळ दाखवतच नाही. म्हणजे वाटेल तो कचरा जुळून शब्द तयार झाले, असं होत नाही.

मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत होता. मी इथे मराठी अक्षरांत उतरवतो.

प्रेस ४. गार्ड सेन्सर बायपास. ११२०. रेड टॅग रिमूव्ह्ड. ऑपरेटर इन्फॉर्म्ड – नो.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

मी काय केलं? लॅपटॉप मिटला. आणि पोहे संपवले. सुनंदाने विचारलं, आज एवढ्यात झालं का बघून? म्हटलं, नेट गेलंय. त्या नादाला नेट लागत नाही हे तिला माहीत नव्हतं. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, त्याचा सराव होता.

आता सहा वर्षांपूर्वीचं सांगतो. हे मी तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी ज्या कंपनीत आहे तिथे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस आहेत. प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक उभी पट्टी असते, दोन्हींच्या मधून न दिसणारे किरण जातात. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबते. आम्ही त्याला सरळ सेन्सर म्हणतो. जॉब आत अडकला तर ऑपरेटर पायातलं पॅडल न सोडताच हात घालून तो ओढतो. असं करायचं नसतं, पण सगळे करतात, कारण सेन्सर आहे ना. त्या सेन्सरवर लोक स्वतःच्या आईवर नसेल एवढा भरवसा टाकतात.

त्या दिवशी पहिल्या शिफ्टला चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर उगाच ट्रिप होत होता. काचेवर तेलाची वाफ बसलेली. दर पाच मिनिटांनी प्रेस बंद. वरून फोनवर फोन. अकरा वीसला मी पॅनल उघडून वीतभर वायरचा जंपर मारला – म्हणजे सेन्सर बाद केला. यात नवल काही नाही, सगळीकडे चालतं. पण त्याची एक रीत असते. पॅनलवर लाल टॅग लावायचा, लॉगबुकात वेळ टाकायची आणि ऑपरेटरला सांगून त्याची सही घ्यायची, म्हणजे तो हात सांभाळतो. मी टॅग लावला, वेळ टाकली. पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरला तोंडी सांगितलं, सही राहिली.

दुपारी कस्टमरचं ऑडिट होतं. मॅनेजर माझ्या शेजारून जाता जाता एवढंच म्हणाला, "पॅनलवर लाल काही दिसायला नको." टॅग काढ असं तो म्हणाला नाही. ही माणसं कधीच म्हणत नाहीत. त्यांचं वाक्य नेहमी धुतलेलं असतं. मी टॅग काढला आणि खिशात घातला, तासाभराने लावू म्हणून. मग ऑडिटवाल्यांबरोबर शॉपभर फिरलो, त्यांना सेफ्टीचे बोर्ड दाखवले. शिफ्ट बदलली. चार नंबरवर सोपान आला.

सोपान चाकणजवळच्याच गावचा, त्यांची जमीन जिथे होती तिथे आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार होतो तो मी कॅन्टीनमध्ये पाहुण्यांना समोसे वाढत होतो.

उजवा हात मनगटापासून गेला.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला सहा वर्षं लागली. सगळे सोपानकडे धावले. कुणी टॉवेल बांधत होतं, कुणी गाडी काढायला पळालं. मीही धावलो – पॅनलकडे. जंपर काढून घेतला. संध्याकाळी सेन्सरची काच पुसली, लॉगबुकातलं पान फाडलं, घरी आणून गॅसवर जाळलं आणि नवं लिहिलं. त्यात अकरा वीस नाही, जंपर नाही, काही नाही. चौकशीला माणूस आला तेव्हा सेन्सर चालू होता, दहा वेळा तपासला, दहा वेळा प्रेस थांबली. निष्कर्ष निघाला – ऑपरेटरने पट्टीच्या बाजूने हात घातला, त्याची स्वतःची चूक. हॉस्पिटलमध्ये सोपानला विचारलं तर तो म्हणाला, "आठवत न्हाई. घातला असंल बाजूनं."

घातला असंल. या दोन शब्दांवर मी सहा वर्षं झोपलो.

कंपनीने त्याला मोठ्या मनाने टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. दर वर्षी सेफ्टी वीकमध्ये त्याला स्टेजवर उभं करतात, नव्या पोरांपुढे. तो डाव्या हातात माइक धरून सांगतो – "माझ्यासारखी चूक करू नका." सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवायचो, पहिल्या रांगेत बसून.

तर ती ओळ. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली, अकरा वीसला, अक्षराचाही फरक नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी अकरा एकोणिसला अँटेनाची वायरच काढून टाकली. बाकीची विमानं गप्प झाली. ही ओळ आली, सिग्नल तेवढाच.

मला भीती वाटली नाही. राग आला. कोण मस्ती करतंय? पण करणार कोण? जंपरचं मॅनेजरला कळलं असेल, तो बोलणार नाही. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर अपघातानंतर महिनाभरात नोकरी सोडून गाव गाठून बसला. आणि टॅग काढल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. तो टॅग त्या संध्याकाळी मी पवनेच्या पुलावरून खाली टाकला होता.

निखिलला बोलावलं. तो त्याचा लॅपटॉप, त्याचा रिसीव्हर, त्याची अँटेना घेऊन आला. दोघांच्या अँटेना कठड्यावर दोन हातांच्या अंतराने बांधल्या. अकरा वीसला माझ्या स्क्रीनवर ओळ आली. त्याच्या स्क्रीनवर काही नाही.

निखिलने चष्मा काढून पुसला. "काका, तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी घुसलंय. फॉरमॅट मारा."

"मारतो."

"पण ही प्रेस चार कुठली? तुमच्या कंपनीतली का?"

"नाही रे."

"मग ऑपरेटर इन्फॉर्म्ड नो म्हणजे..."

"तुला विमानांचं कळतं ना? विमानांचंच बोल."

तो बिचारा चहा न घेता गेला. मी लॅपटॉप पूर्ण पुसून सगळं नव्याने टाकलं. पुढच्या गुरुवारी ओळ आली.

मग मी सोपानकडे गेलो. पण कसा गेलो ते ऐका. जेवणाच्या सुट्टीत टूल स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिलो. तो डाव्या हाताने भाकरी मोडत होता.

म्हटलं, "सोपान, एक सांगायचं होतं. त्या दिवशी... सेन्सर जरा त्रास देत होता."

"कवा?"

"तुझ्या वेळी. सकाळपासून ट्रिप होत होता. म्हणजे... तुझी एकट्याची चूक नसेलही."

त्याने घास खाली ठेवला. "मग चौकशीत तर चालू व्हता."

"हो. चालू होता... तरी पण. वाटलं सांगावं."

"बरं," तो म्हणाला. "जेवलासा का तुमी?"

आणि मी हलका होऊन घरी आलो. खरंच सांगतो, त्या रात्री मला छान झोप लागली. माणूस किती नालायक असू शकतो ते मी तेव्हा पाहिलं. अर्धंमुर्धं, पाण्यासारखं काहीतरी बोललो आणि स्वतःलाच प्रमाणपत्र देऊन टाकलं. पुढच्या गुरुवारी मुद्दाम बसलो. आता येणार नाही अशी खात्री होती.

अकरा वीस. ...रेड टॅग रिमूव्ह्ड. ऑपरेटर इन्फॉर्म्ड – नो.

मी टेबलावर मूठ आपटली. कप पडला, सुनंदा आतून धावत आली.

"काय झालं?"

"सांगितलं ना त्याला," मी स्क्रीनवर ओरडलो. "सांगितलं की."

"कुणाला? काय सांगितलं?"

मग मी सुनंदाला सगळं सांगितलं. पॅनल, टॅग, जाळलेलं पान. ती खाली बसून फरशीवरचा चहा पुसत होती, पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, "त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते. ती त्याच्या त्या मनगटावर डोकं टेकून झोपली होती." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या गुरुवारी त्याच्या घरी जा. विमानं राहू देत."

गेलो. लॅपटॉप चालू ठेवून गेलो, हेही लपवत नाही. सोपानचं घर गावाच्या कडेला, मागे कंपनीची भिंत. ओट्यावर त्याचे वडील बसले होते. सोपान आणि त्याची बायको आतून आले. मी घड्याळ बघितलं नाही, पण निघालो दहाला, तेव्हा अकरा वाजून गेलेच असतील. उभ्यानेच सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. जंपर मी मारला. टॅग मी काढला. तुला सांगायचं काम माझं होतं. आणि तू खाली पडलेला असताना मी तुझ्याकडे आलो नाही, पुरावा काढायला गेलो.

मग म्हातारा म्हणाला, "म्हंजी पोरानं बाजूनं हात न्हवता घातला?"

"नाही."

"सहा वर्सं मी त्येला बोलतोय. ध्यान कुठं व्हतं तुझं म्हनून." त्याने सोपानकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत होता. "जेवताना बोलतो. पावन्यांत बोलतो."

सोपानची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "पोरीच्या बारशाला तुमी चांदीचा वाळा घिऊन आलावता," आणि आत गेली. परत आली तेव्हा तो वाळा तिने माझ्या पायाशी ठेवला.

सोपान एवढंच म्हणाला, "लिवून द्या. जसं फाडलं तसं."

त्याच्या मुलीच्या वहीतलं पान घेतलं. तारीख, मशीन नंबर, अकरा वीस, सेन्सर बायपास, टॅग लावला, टॅग काढला, कोणी काढला. शेवटचा रकाना – ऑपरेटरला कळवलं का. तिथे मी हो लिहिलं आणि आजची तारीख टाकली. सोपानने पान गुडघ्यावर घेतलं, उजव्या मनगटाने दाबून धरलं आणि डाव्या हाताने सही केली. पेन इतकं दाबलं की मागे सगळी अक्षरं उमटली.

दुपारी घरी आलो. लॉग फाइल उघडली. अकरा अठराला एक विमान, अकरा तेविसला दुसरं. मध्ये काही नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. आज चार महिने झाले, नाही. आधीच्या सगळ्या ओळी फाइलमध्ये जशाच्या तशा आहेत. निखिलने त्या नेऊन त्याच्या ओळखीच्यांना दाखवल्या. कुणी व्हायरस म्हणतं, कुणी म्हणतं मीच झोपेत टाइप केल्या. मला यातलं काहीच पटत नाही, आणि दुसरं पटेल असं काही माझ्याकडेही नाही. प्रतिक्रियांत आत्मा, ऊर्जा वगैरे लिहिणार असाल तर कृपा करून लिहू नका. त्यातला एकमेव आत्मा माझा होता आणि तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

ते पान सोपानने कारखान्यांच्या निरीक्षकांच्या ऑफिसात दिलं. चौकशी पुन्हा सुरू झालीय. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "एवढ्या वर्षांनी कशाला उकरतोयस?" मी म्हटलं, "लाल काही दिसायला नको होतं ना तुम्हाला, आता दिसेल." माझी नोकरी जाईल, कदाचित जास्तही काही होईल. व्हायला हवं.

एक राहिलं. रेडिओचं मी सोपानला सांगितलं नव्हतं. वाटलं, हेही लपवलं असं नको व्हायला. परवा खिडकीशी उभा राहून सांगितलं – विमानांचे मेसेज, ती ओळ, दर गुरुवारचं अकरा वीस. तो नटबोल्टचे पाने पुसत ऐकत होता. हसला नाही, घाबरला नाही.

"म्हंजी इमानानं सांगितलं तवा तुमी आलासा," तो म्हणाला.

"हो."

"सहा वर्सं रोज ह्या खिडकीतनं तुमाला पाना देतोय मी. डाव्या हातानं. त्यानं न्हाई कळलं तुमाला?"

मी खाली बघून सतराचा पाना मागितला.

त्याने तो काढून कट्ट्यावर ठेवला, टूल घेताना सही करायचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

"सही करा," म्हणाला. "आन् टाइम खरा टाका."